येऊरच्या पायथ्याशी वारली संग्रहालय: कूड की मातीच्या विटा?

ठाण्यात, येऊरच्या पायथ्याशी वारली चित्रांचं छोटं संग्रहालय बांधायचं झालं, तर भिंती कशाच्या घालाव्यात?

मनाचा कौल कुडाला. कारवीच्या काठ्या, त्यांवर शेणामातीचा लेप, गेरूचा हात आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. वारली चित्र वाढलंच अशा भिंतीवर. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचं चित्र, सुवासिनी घराच्या भिंतीवरच लिहितात. जिव्या सोमा मशे (पद्मश्री, 2011) यांच्यामुळे हे चित्र कागदा-कापडावरून जगभर पोचलं, पण त्याचं मूळ घर दाखवायला कुडाला तोड नाही. अडचणी मात्र खऱ्या आहेत. कूड छपराचा भार घेत नाही, तो लाकडी खांबांवर येतो. वाळवी लागते, सारवण पुन्हा पुन्हा करावं लागतं. आणि कारवी आणायची कुठून? येऊरचं रान राष्ट्रीय उद्यानातलं, तिथली काठी तोडता येत नाही.

यंत्रात दाबलेल्या विटांचं गणित सोपं. मुरमाड मातीत साधारण 5 ते 8 टक्के सिमेंट, मग पाणी मारून पक्क्या होऊ द्यायच्या; भट्टी लागत नाही. भार पेलतात. काळी माती तेवढी टाळावी, ती फुगते नि तडकते. दिसायला जरा रुक्ष, हे माझं मत.

मी तरी बाहेरच्या भिंती विटांच्या घेईन, काळ्या दगडाच्या उंच जोत्यावर, रुंद पडवीसह. कूड आत, फक्त चित्रं रंगवायच्या दालनात. कागदावरच्या चित्रांसाठी वेगळी, आर्द्रता आटोक्यात ठेवणारी खोली हवीच. आपल्या पावसाळ्यात नुसत्या मातीच्या भिंतीवर भिस्त ठेवू नये.