संगीताची फुलटाइम पदवी की साधं बीए आणि गुरुजींकडे शिक्षण?

बारावीनंतर गाणंच करायचं ठरलं की महाराष्ट्रात मुख्यतः हे दोन रस्ते समोर येतात. पहिला म्हणजे पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, १९८७ पासून चालू आहे, नाव गुरुकुल असंच, म्हणजे दिवसभर संगीत, गुरूंसमोर बसून तालीम, आणि शेजारीच नाटक नि नृत्य शिकणारी मुलं, त्यामुळे कान आणि डोळे दोन्ही तयार होतात. प्रवेशाला गाऊन-वाजवून दाखवावं लागतं, पाया कच्चा असेल तर तिथेच कळतं.

दुसरा रस्ता, जवळच्या कॉलेजात कुठल्याही विषयात बीए, संध्याकाळी गुरुजींकडे तालीम आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात. घर सुटत नाही, खर्च कमी, आणि एकाच गुरूचा गळा वर्षानुवर्षं ऐकायला मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण कॉलेज, सबमिशन, प्रवास यात रियाझाचाच वेळ जातो, हे बऱ्याच जणांचं झालेलं बघितलंय.

पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र पहिलाच घ्या, कारण संगीतात एमए आणि मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा लागते, नुसत्या विशारदवर ते होत नाही. मैफलच करायची असेल आणि चांगले गुरू आधीच मिळालेले असतील तर पदवीसाठी त्यांना सोडून जाऊ नका, खरंच सांगतो.