इंजिनियर बूट: लेस नाही, म्हणून मापाला माफी नाही

चामडं कितीही भारी असो, इंजिनियर बूट पायात राहणार की कपाटात पडून राहणार, हे इनस्टेपवर ठरतं. इनस्टेप म्हणजे पावलाच्या वरचा उंचवटा. अनेक महिने जवळजवळ रोज वापरल्यावर माझं हेच मत पक्कं झालं आहे. त्यामुळे चामड्याबद्दल नंतर, आधी माप.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नडगीच्या मध्याच्या आसपास येणारा, बहुधा ११ इंच उंचीचा बूट. लेस नाही, चेन नाही. एक पट्टा पावलावरून जातो, दुसरा वर पोटरीशी, दोन्हींना बक्कल. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चिपेवा आणि वेस्को या कंपन्यांनी हा घाट आणला. रेल्वे इंजिनांवर आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांना तो सोयीचा पडला, कारण यंत्रात अडकेल अशी लेस नाही आणि निखारा उडाला तरी पाय झाकलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटरसायकलवाल्यांनी तो उचलला आणि मग तो त्यांचाच झाला.

आता पट्ट्यांबद्दल एक गैरसमज. पावलावरचा पट्टा आवळला की बूट घट्ट होईल असं वाटतं. जाड चामड्यात तसं फारसं होत नाही. पट्टा ओढला की खालचं चामडं फक्त दुमडतं, तिथे खोल सुरकुती पडते आणि तीच पावलाला टोचते. मी तो पट्टा एक भोक सैलच ठेवतो. लेसच्या बुटात अर्धा नंबर इकडेतिकडे झाला तर लेस आवळून किंवा जिभेखाली गादी घालून भागतं. इथे जीभच नाही. बूट पायाला धरून ठेवण्याचं सगळं काम इनस्टेपवरचं चामडं आणि टाचेची वाटी या दोघांवर.

माप घेताना पायाची लांबी हा पहिला आकडा, पण एकटा पुरत नाही. ब्रॅनॉकचं यंत्र मिळालं तर उत्तम. सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात बनवलेली ती धातूची पट्टी अजूनही याच कामाला वापरतात. तिच्यावर तीन मापं निघतात: टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंत, आणि रुंदी. मधलं माप लोक विसरतात. बूट जिथे वाकतो तिथेच चवडा आला पाहिजे, नाहीतर लांबी बरोबर असूनही प्रत्येक पावलाला बूट भलत्याच जागी मोडतो. लांबीच्या या दोन मापांवरून निघणाऱ्या नंबरांत फरक आला तर मोठा नंबर धरायचा.

माझा उजवा पाय २७१ मिलिमीटर, डावा थोडा लहान. ब्रॅनॉकवर उजवा अमेरिकन १० येतो, रुंदी डी, म्हणजे पुरुषांची सर्वसाधारण रुंदी. खेळाच्या बुटात मी १०.५ घालतो. इंजिनियर बूट घेतला तो ९.५ डी. अमेरिकन मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या नंबराचा फरक चार मिलिमीटरच्या जरा वर. ऐकायला किरकोळ, पण लेस नसलेल्या बुटात हे चार मिलिमीटर टाचेला रोज जाणवतात. खेळाच्या बुटाचा नंबर इथे सरळ लावू नका. त्यात आत मऊ अस्तराची जाडी असते आणि नंबरही आपण बहुधा सढळ घेतो. युरोपीय नंबर लावायचा असेल तर त्याची पायरी वेगळी, दोन तृतीयांश सेंटिमीटरची, त्यामुळे तक्त्यावरून केलेलं रूपांतर दरवेळी थोडं इकडे किंवा तिकडे सरकतं. आणि अर्धा नंबर खाली हा काही सार्वत्रिक नियम नव्हे. प्रत्येक कारखान्याचा साचा, म्हणजे ज्या पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट बनतो तो, वेगळा, एकाच कारखान्याचे दोन साचेही वेगळे. कंपनीला विचारायचा प्रश्न असा: या साच्यात ब्रॅनॉकच्या मापाच्या मानाने कोणता नंबर घ्यायचा? नुसतं «तुमचा नेहमीचा नंबर घ्या» असं उत्तर आलं तर मी तिथून घेणार नाही.

मापं संध्याकाळी घ्या, उभं राहून, दोन्ही पायांची, आणि जे मोजे बुटात घालणार तेच घालून. वजन पडलं की पाऊल पसरतं आणि दिवसभरात थोडं सुजतंही.

पाय पहिल्यांदा आत घालताना काय होतं ते नीट पाहा. घोट्याजवळ बूट बाटलीच्या मानेसारखा अरुंद होतो. टाच तिथे अडते, जोर लावावा लागतो आणि मग एकदम आत बसते. बऱ्याचदा हवा दाबल्याचा धप्प आवाज येतो. चांगल्या मापाची ही खूण आहे. पाय न अडता सरळ आत गेला तर बूट मोठा, मग तो कितीही आरामाचा वाटो. टाच अजिबात आत जात नसेल तर बुटात इनस्टेपला जागा कमी पडतेय. उंच इनस्टेप असलेल्यांना लांबी बरोबर असूनही हा अनुभव येतो. त्यांनी नंबर वाढवू नये, कारण मग टाच आणि चवडा दोन्ही जागा सोडतात. त्यांच्यासाठी इनस्टेपला जास्त जागा देणारा दुसरा साचा शोधणं किंवा मापावर बनवून घेणं, हेच दोन रस्ते.

आत गेल्यावर अंगठ्यापुढे थोडी जागा हवी, इनस्टेपवर सगळीकडे सारखा दाब हवा. करंगळीला मुंग्या येत असतील तर ते वापरून जात नाही, रुंदी चुकली आहे. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. शिवाय चामड्याचा आतला तळ आणि त्याखालचा कॉर्क पायाच्या आकाराने दबतात, म्हणजे आतली जागा काही महिन्यांत वाढतेच. पहिल्याच दिवशी चपलेइतका सैलसर वाटणारा बूट पुढे पायात खुळखुळणार. नंतर आत वेगळा तळ (इनसोल) घालता येतो, पण त्याने टाच वाटीतून वर उचलली जाते आणि दुखणं फक्त जागा बदलतं.

टाच उचलली जाणे हा सगळ्यांना घाबरवणारा प्रकार. सुरुवातीला माझी टाच चालताना जवळजवळ अर्धा इंच वर यायची. नवा सोल वाकत नाही, त्यामुळे पाय वाकतो आणि बूट सपाटच राहतो. सोल चवड्यापाशी मोडायला लागला तसं हे उचलणं कमी होत गेलं. आता ते जाणवण्यापुरतंच उरलं आहे. पूर्णपणे ते या प्रकारच्या बुटात जात नाही आणि जायची गरजही नाही. टाच सोलवटली नाही म्हणजे झालं.

मला खरा त्रास दुसरीकडे झाला. घोट्याशी चामडं दुमडायला लागलं तेव्हा उजव्या बुटाची एक घडी नेमकी बाहेरच्या हाडावर बसली. जाड मोजे घालून आणि घडी हाताने थोडी वर-खाली करून काही आठवडे काढले. मग चामडं शांत झालं. घडी कुठे पडेल हे तुमच्या हातात फारसं नाही.

चामडं गाईचं, तेल मुरवलेलं, सहा ते सात औंसांचं (चामड्याची जाडी औंसांत सांगतात), म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर जाड. याच जातीचं प्रसिद्ध चामडं म्हणजे शिकागोच्या हॉरवीनचं क्रोमएक्सेल: आधी क्रोमने कमावतात, मग वनस्पतींच्या टॅनिनने, आणि शेवटी गरम तेल-मेण मुरवतात. वाकवलं की तेल सरकून रंग उजळतो, ओरखडा अंगठ्याने चोळला की बराचसा जातो. घोड्याचं चामडं पातळ पण घट्ट असतं, सुरकुत्या बारीक आणि ठळक पडतात. दिसायला मला तेच जास्त आवडतं, पण सुरुवातीचे दिवस ते जास्त छळतं. एवढ्या महिन्यांत तेल फार कमी वेळा लावलं. रोज घोड्याच्या केसांचा ब्रश मारला की पुरतं. तेलाचा अतिरेक झाला की टाचेची पकड मऊ पडते, आणि या बुटात तीच तर आधार आहे. भिजला तर आत कागद कोंबून सावलीत, हीटरपासून लांब. वरचा भाग कलंडू नये म्हणून मी त्यात गुंडाळी केलेलं मासिक उभं करतो.

पुढे बोटांवर पोलादी टोप असलेला प्रकार घेणार असाल तर लांबीत जराही तडजोड नको. टोपाची मागची कड बोटांवर आली तर ती कधीच सैलावणार नाही. माझ्या बुटात टोप नाही, त्यामुळे पुढचा भाग हळूहळू बसका होत चाललाय. काहींना ते जुनाट वाटतं, मला शोभून दिसतं.

मोटरसायकलसाठी म्हणून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: दिसायला दणकट असला तरी साधा इंजिनियर बूट म्हणजे सुरक्षा-प्रमाणित रायडिंग बूट नव्हे. त्यासाठी युरोपात ईएन १३६३४ हे मानक आहे आणि ते लेबलवर लिहिलेलं असतं. बाकी गिअरच्या दांड्याने डाव्या बुटावर जो काळसर डाग पडतो तो मी घालवायचा प्रयत्न सोडला आहे.

काढणं ही रोजची कसरत. संध्याकाळी पाय सुजलेला असतो, बूट सोडत नाही. लाकडी बूटकाढणी दाराशी ठेवा. विमानतळावर बूट काढायला सांगतात त्या दिवशी मी दुसरे घालतो, मागच्या रांगेची दया येते म्हणून.

सोल वेल्टवर, म्हणजे बुटाच्या कडेने फिरणाऱ्या चामड्याच्या पट्टीवर, शिवलेला आहे, म्हणजे झिजला की उसवून नवा बसवता येतो. अजून ती वेळ आलेली नाही, पण टाचेच्या रबराची बाहेरची कड झिजून थरांच्या चामड्याच्या जवळ आली आहे. चामड्यापर्यंत पोहोचण्याआधी ते रबर बदलायला देणार आहे. तेवढं एक वेळेत केलं की टाच नव्याने बांधायचा मोठा खर्च टळतो.