जागा हायवेला घ्यावी की खाली समुद्राकडे?

मुंबईतली नोकरी आवरून कोकणातल्या गावी काहीतरी सुरू करायचं ठरवलं, की हा प्रश्न हमखास पडतो. हायवे म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, आपला जुना सतरा नंबर. खालचा म्हणजे रेवस-रेडी सागरी महामार्ग, माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी मांडलेल्या कल्पनेतला. एक घाट चढत-उतरत जातो, दुसरा खाडी आली की अडतो. दोन्ही रस्त्यांमुळे कोकणात पैसा येईल असं आपण ऐकत आलोय. मला विचाराल तर आधी एक गोष्ट ठरवा: तुम्ही माल विकणार की मुक्काम?

माल असेल तर हायवेला पर्याय नाही. आंब्याचंच घ्या. संध्याकाळी भरलेली गाडी पहाटे वाशीच्या बाजारात लागली पाहिजे. पेंढ्यात बसवलेला आंबा खड्ड्यागणिक आदळत गेला की पेटीच्या खालच्या थराला डाग पडतो, आणि डागी आंबा दिसला की अख्ख्या पेटीचा दर उतरतो. त्यामुळे गुळगुळीत रस्ता हा बागायतदाराचा थेट नफा आहे. पोलादपूर ते खेड हा कशेडीचा पाऊण तासाचा घाट बोगद्यामुळे काही मिनिटांवर आला, हे मोठं काम झालं. काजूगराचं युनिट, आमरसाचं कॅनिंग, कोकमाची आगळ, फर्निचर, यातलं काहीही करायचं असेल तर हायवेपासून पाच-दहा किलोमीटर आत स्वस्तात जागा घ्या. रस्त्याला लागूनच हवी असा हट्ट नको.

कारण रस्त्याला लागून जागा असणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. चौपदरी रस्त्याला मध्ये दुभाजक असतो. समोरच्या बाजूने येणाऱ्याला तुमची पाटी दिसते, भूक लागलेली असते, पण वळायला जागा खूप पुढे. तो पुढेच निघून जातो. शिवाय हॉटेलसाठी राष्ट्रीय महामार्गावरून थेट प्रवेश हवा तर परवानगी काढावी लागते, ती नसेल तर बँकही कां-कूं करते. सावंतवाडी डोळ्यांसमोर आणा. पूर्वी गोव्याची गाडी मोती तलावाच्या काठाने शहरातून जायची, माणसं उतरून चितार आळीत लाकडी खेळणी घ्यायची. आता झाराप-पत्रादेवी रस्त्याने ती बाहेरच्या बाहेर बांद्याला पोचते. कणकवलीतही गाड्या पुलावरून जातात आणि बाजारपेठ खाली राहते. रस्ता जितका चांगला, तितकं थांबण्याचं कारण कमी.

खाली समुद्राकडे हा हिशेब उलटा आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीची रांग पाहिलीय का? बोट पलीकडून सुटेपर्यंत गाडीतली मुलं उतरतात, कोणी सरबत घेतं, कोणी शेंगा. तेवढ्यात सहज विचारलं जातं, "इथे राहायची सोय कुठे?" मुक्कामाचा धंदा अशा सावकाश रस्त्यावर चालतो. घरगुती जेवण, दोन-तीन स्वच्छ खोल्या, सकाळी गरम घावणे आणि चटणी, एवढ्यावर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं. मात्र फक्त रांगेच्या भरवशावर दुकान थाटू नका. खाडीवर पूल झाला की रांग संपेल, आणि जेटीवरच्या टपरीचं तेच होईल जे सावंतवाडीत झालं.

समुद्राकडच्या अडचणी वेगळ्या आहेत. भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे, निर्बंध लागू होतात; "सगळे बांधतात हो" हे दलालाचं वाक्य कानाआड करा. विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये चाखून बघा, किनाऱ्यालगत ते मचूळ होतं. पावसाळ्याचे चार महिने जवळपास रिकामे जातात, म्हणजे कर्जाचे हप्ते आठ महिन्यांच्या कमाईतून फेडायचे. हायवेवर निदान धंदा बारमाही असतो, जरी परशुराम घाटात दरड आली की तोही ठप्प होतो.

आणि पूर्ण झालेल्या रस्त्याच्या आशेवर पैसे गुंतवू नका. हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. खाली बाणकोटच्या खाडीवरचा पूल किती वर्षं रखडला, ते तिकडच्या कुणालाही विचारा. पाहणीचे झेंडे लागले की जमिनीचे भाव वर्षभरात चढतात, रस्ता मात्र त्या वेगाने येत नाही.

नवरा-बायको दोघंच राबणार असाल, भांडवल बेताचं असेल आणि माणसांची आवड असेल, तर मी समुद्राकडे जा म्हणेन, पण वाडीच्या आत, सीआरझेडबाहेर. घरची कलमं किंवा काजू असतील तर हायवेच्या आसपास.

टोकन देण्याआधी सातबारा काढा. त्यावर सामाईक नावं असतील तर पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक हिस्सेदाराची संमती लेखी घ्या. आणि जागा मे महिन्यात बघितली असेल तर जुलैत पुन्हा जा. छत्री घेऊन तासभर रस्त्याकडेला उभे राहा आणि गाड्या मोजा, जाणाऱ्या नव्हे, थांबणाऱ्या.