२०,००० एमएएचची पॉवर बँक नऊ महिने ट्रेकला वागवली, आता खरं काय ते सांगतो

मे मध्ये घेतली, आता फेब्रुवारी चालू आहे. मधल्या काळात काजवे, भर पावसातला हरिश्चंद्रगड, राजगडावरचा मुक्काम, सांदण दरी आणि जानेवारीत उत्तराखंडातला बर्फातला केदारकंठा एवढं सगळं ती माझ्या सॅकमध्ये बसून फिरली, त्यामुळे बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यांपेक्षा मला चार शब्द जास्त बोलायला हरकत नसावी. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, एक तर मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतं आणि दुसरं म्हणजे जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या पॉवर बँकला लागू आहे.

आधीची १०,००० वाली एप्रिलमध्ये फुगली. म्हणजे खरंच फुगली, टेबलावर ठेवली की डुगडुगायची. चूक माझीच, दोन उन्हाळे गाडीच्या डॅशबोर्डवर पडून होती. ती ई-कचऱ्यात दिली (प्लीज घंटागाडीत टाकू नका असलं काही, दाबलं गेलं की पेट घेतं) आणि मग डोक्यात बसलं की आता घ्यायची तर मोठीच. फोन ५,००० एमएएचचा (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), पॉवर बँक २०,००० ची, म्हणजे चार वेळा फुल चार्ज, हिशोब संपला. दुकानदार पण हेच म्हणाला, हो साहेब आरामात चार वेळा.

घरी मोजून बघितलं तर पावणेतीन वेळा. म्हटलं पीस खराब लागला. मग मागची बारीक अक्षरं टॉर्च लावून वाचली, तिथे ‘रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच, ५ व्होल्ट’ असं चक्क लिहिलं होतं. भानगड अशी आहे की २०,००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ७४ वॉट-अवर (आत साठलेली एकूण ऊर्जा). यूएसबीतून बाहेर पडताना ते ५ व्होल्ट करावं लागतं, त्यात आकडा खाली येतोच, वर थोडी वीज उष्णता होऊन जाते, थोडी फोन चार्ज होताना फोनमध्ये वाया जाते. म्हणजे फसवणूक वगैरे नाही, पण बॉक्सवर पुढे मोठ्या अक्षरात काय छापायचं आणि मागे बारीक काय छापायचं हे त्यांना बरोब्बर कळतं. तेव्हापासून कुणी पॉवर बँक दाखवली की मी आधी उलटी करून बघतो. रेटेड कपॅसिटी आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर पासून सुरू होणारा नंबर, हे दोन्ही दिसले तरच पुढची बोलणी.

पहिली ट्रिप काजव्यांची, जूनचा पहिला आठवडा, भंडारदऱ्याच्या बाजूला टेंटमध्ये. इथे एक गंमत झाली. या पॉवर बँकला टक्के दाखवणारा छोटा डिस्प्ले आहे आणि तो अंधारात एवढा पांढराफेक चमकतो की शेजारच्या काकांनी आवाज दिला, ‘अहो तो टॉर्च बंद करा, काजवे बिचकतात.’ टॉर्च नाही हो काका, पॉवर बँक आहे. तेव्हापासून त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली आहे, आठ महिने झाले अजून आहे. डिस्प्लेपेक्षा चार ठिपकेवाली परवडते असं माझं मत झालंय, ८३ टक्के आहे की ७९ हे डोंगरात कळून करायचंय काय.

आता मुख्य गोष्ट, पावसाळा. ऑगस्टमध्ये पाचनईवरून हरिश्चंद्रगड केला. पाचनईची वाट सोपी पण पावसात आख्खी वाट म्हणजे ओढाच, आणि वर मंदिरापाशी धुकं एवढं की केदारेश्वराच्या गुहेपर्यंत जाताना पुढच्याची सॅक दिसेना. पॉवर बँक झिपलॉकच्या पिशवीत होती, कोरडी ठणठणीत. फोन पोंचोच्या खिशात. संध्याकाळी केबल लावली तर फोन म्हणतो पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्जिंग बंद. सॅकमध्ये ७४ वॉट-अवर घेऊन बसलोय आणि फोन ११ टक्क्यांवर! तीन वेळा फुंकर मारली (मारू नये, तोंडाची वाफ अजून ओलं करते, हे नंतर कळलं), टिश्यू घालून बघितला, शेवटी फोन बंद करून पोर्ट खाली करून कोरड्या टीशर्टमध्ये गुंडाळून ठेवला तेव्हा कुठे दीड तासाने चालू झालं. तेव्हा पावसाळ्यात पॉवर बँकेआधी फोनच्या पोर्टची काळजी घ्या, रबरी बूच मिळतं दहा-वीस रुपयांना, ते आता माझ्याकडे कायम असतं.

आणि तो फोन ११ टक्क्यांवर आलाच कसा? फोटो काढून नाही. दिवसभर रेंज शोधून शोधून. डोंगरात जिथे एक काडी येते जाते तिथे फोन सतत टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी अशी गळते की विचारू नका. पुढच्या ट्रेकला, राजगडला, गुंजवण्यातून निघतानाच एरोप्लेन मोड टाकला, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवला होता, जीपीएस एरोप्लेन मोडमध्ये पण चालतं, आणि पद्मावती माचीवर रात्री पोचलो तेव्हा फोन ७० च्या वर. फोटो तेवढेच काढले होते. त्या दोन दिवसात २०,००० च्या पॉवर बँकेतून मी स्वतःसाठी एकदा सुद्धा पूर्ण चार्जिंग केलं नाही. म्हणजे दहा रुपयांचं बूच आणि फुकटचा एरोप्लेन मोड यांनी जे काम केलं ते करायला मी दोन हजार घालून बसलो होतो.

राजगडलाच दुसरं एक लक्षात आलं. रात्री हेडटॉर्च चार्जिंगला लावून झोपलो, पहाटे बालेकिल्ल्यावर जायचं होतं, बघतो तर टॉर्च जेमतेम मिणमिणतेय. पॉवर बँकेला वाटतं की काही जोडलेलंच नाही, कारण हेडटॉर्च, इअरफोन, घड्याळ असल्या वस्तू इतका कमी करंट ओढतात की ती थोड्या वेळाने आपणहून बंद पडते. उपाय आहे, बटण दोनदा दाबलं की लो करंट मोड चालू होतो, पण हे त्या घडी घातलेल्या कागदात अकराव्या भाषेत कुठेतरी होतं. तुम्ही घेत असाल तर हा मोड आहे का ते आवर्जून विचारा. बालेकिल्ल्याची ती शेवटची चढण मी दुसऱ्याच्या टॉर्चच्या उजेडात, त्याच्या टाचांकडे बघत चढलोय.

वजनाचं बोलू. किचनच्या काट्यावर ४३० ग्रॅम भरली, केबलसकट साडेचारशेच्या वर. ऐकायला काही वाटत नाही, पण अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीशी जवळपास बरोबरी आहे आणि चढावर मला विचाराल तर मी पाणी घेईन. सांदणला तर तिचा रागच आला, दगडांवरून उड्या मारताना ती सॅकच्या वरच्या कप्प्यात धडधड आपटत होती.

सोलरवाल्या पॉवर बँकेबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाकडे आहे, मागे तळहाताएवढं पॅनल. दिसायला भारी. पण तेवढ्या पॅनलमधून फार तर एक-दीड वॉट मिळणार, ते पण ऊन सरळ पडलं तर. १०,००० च्या बँकेत ३७ वॉट-अवर भरायचेत, म्हणजे तीसेक तास कडक ऊन, आणि सॅकवर लटकवलं की निम्मा वेळ पॅनल झाडाकडे तोंड करून असतं. वर बॅटरी उन्हात तापवायची, जे आपण कधीच करू नये, माझी जुनी कशाने फुगली ते वर लिहिलंच आहे. त्याने दोन दिवस मिरवली आणि संध्याकाळी मलाच विचारलं, जरा केबल दे ना.

केदारकंठ्याला मात्र माझ्या २०,००० वालीने पैसे वसूल केले. विमानात नेताना पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आत असली की वेगळी परवानगी लागत नाही, आपली ७४ ची, त्यामुळे प्रश्न आला नाही. पायथ्याच्या सांक्री गावात शेवटचं चार्जिंग केलं, नंतर वर काही नाही. पहिल्या रात्री सॅकमध्ये ठेवली, सॅक टेंटच्या पुढच्या भागात. सकाळी टेप सोडवून बघितलं तर रात्री ९१ होते ते ६८ दाखवतेय, काहीही न वापरता! पोटात गोळा. जॅकेटच्या आतल्या खिशात घालून तासभर चाललो, परत ८६. थंडीत लिथियम बॅटरी अशी आळसावते, वीज असते आत पण बाहेर द्यायला तयार नसते. पुढच्या सगळ्या रात्री पॉवर बँक, फोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सगळा संसार स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. बर्फात गारठलेला फोन लगेच चार्जिंगला पण लावायचा नाही, शून्य अंशाखाली चार्ज केलं की बॅटरीचं कायमचं नुकसान होतं, आधी अंगाशी धरून गरम करायचा. त्या ट्रेकमध्ये माझा फोन, बायकोचा फोन आणि दोन हेडटॉर्च असं सगळं निभावलं आणि सांक्रीला परत आलो तेव्हा १४ टक्के शिल्लक होते.

भरायला लागणारा वेळ हा एक वैताग आहे. घरातल्या जुन्या १० वॉटच्या चार्जरवर नऊ तास, २० वॉटवाल्यावर साधारण साडेपाच. आमच्या ट्रेकच्या गाड्या शुक्रवारी रात्री अकराला निघतात, ऑफिसमधून आठला घरी येऊन लावली तर जेमतेम अर्धी होते, म्हणून गुरुवारी रात्रीच लावायची हे डोक्यात ठेवावं लागतं. दोनदा विसरलोय. आणि पॉवर बँकेबरोबर मिळालेली केबल फेकून द्या, म्हणजे फेकू नका, घरी ठेवा. तिच्यावर फोन मंद चार्ज व्हायचा, मी महिनाभर पॉवर बँकेला शिव्या घातल्या आणि दोष निघाला केबलचा. आखूड, जाड, वीत-दीड वीत लांबीची घ्या, खिशात फोन आणि बँक एकत्र मावतात.

पाचनईला ज्या घरी जेवलो तिथे एका सॉकेटवर आमच्यातल्या चौदा जणांची नजर होती, म्हणून आता चार पोर्टचा चार्जर पण नेतो. मावशींना जेवणाव्यतिरिक्त विजेचे पन्नास रुपये दिले तर घेईनात, शेवटी पोराच्या हातात ठेवले. बाबांनो, कुणाच्या घरचं मीटर फिरवतो आपण, एवढं तर करा.

तर आत्ताची परिस्थिती अशी, मागच्या महिन्यात मी परत एक १०,००० वाली घेतली, २०० ग्रॅमच्या आसपास, लो करंट मोडवाली, डिस्प्ले नसलेली. एक-दोन रात्रीच्या सह्याद्रीतल्या ट्रेकला तीच जाते आणि अजून एकदाही कमी पडलेली नाही. मोठी घरी कपाटात, अर्धी भरून ठेवलेली. चारपाच दिवसांचं काही निघालं किंवा बायको बरोबर असली की बाहेर निघते. नाहीतर लाईट गेली की राउटरला लावतो, त्याला ५ व्होल्टवरून १२ करणारी वेगळी वायर मिळते, आणि खरं सांगायचं तर गेल्या महिन्याभरात तिचा सगळ्यात जास्त उपयोग तिथेच झालाय.