एसव्हीजी ते डीएक्सएफ: आठ महिने इंकस्केप वापरल्यावर

आमच्याकडे निम्म्याहून जास्त काम पाट्यांचं असतं. घरांची नावं, दवाखान्यांचे फलक आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून दुकानांच्या मराठी पाट्या. गिऱ्हाईक डिझाइन पाठवतं ते एसव्हीजीत (रेषा आणि आकारांची चित्र-फाइल), लेझर कटिंगवाला मागतो डीएक्सएफ (कॅड ड्रॉइंगची फाइल). मधलं काम, म्हणजे मापं, स्क्रूची भोकं, मागची फ्रेम, मी कॅडमध्ये, म्हणजे मापात ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करतो. गेले आठ महिने एसव्हीजीचं डीएक्सएफ मी फक्त इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधून करतोय. त्याआधी ऑनलाइन कन्व्हर्टर वापरायचो. ते सोडण्याचं मोठं कारण असं की दुसऱ्याचा लोगो कुठल्याशा वेबसाइटवर चढवणं मला पटत नव्हतं.

सगळ्यात आधी मापाबद्दल, कारण माल वाया जातो तो तिथेच. एसव्हीजीत माप पिक्सेलमध्ये लिहिलेलं असेल तर एका इंचात किती पिक्सेल धरायचे, हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. इंकस्केप ०.९२ पासून ९६ धरतं, त्याआधी ९० धरायचं. ७२ धरणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेली ६०० मिमीची पाटी इंकस्केपमध्ये थेट ४५० ची दिसते. जुन्या ९० वाल्या फाइलमध्ये तीच ५६२.५ होते, आणि हा फरक जास्त धोक्याचा, कारण तो नजरेला खटकत नाही. म्हणून आता मी गिऱ्हाईकाकडून एक तरी माप लिहून घेतो, पाटीची पूर्ण लांबी असली तरी चालते. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिमी करतो, एक्स्पोर्ट करताना बेस युनिटही मिमीच ठेवतो आणि कॅडमध्ये फाइल उघडल्यावर पहिली कमांड अंतर मोजण्याची देतो. माप जुळेपर्यंत पुढचं काहीही करत नाही.

आता देवनागरीबद्दल जरा सविस्तर, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे कुणी सांगत नाही. अक्षरं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या कडांच्या रेषांमध्ये, बदलायची, हे सगळे सांगतात. रोमन लिपीला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मराठीत मात्र प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी हा वेगळा तुकडा होतो आणि हे तुकडे शिरोरेषेपाशी एकमेकांवर थोडे चढलेले असतात. स्क्रीनवर सगळं काळं भरलेलं असल्यामुळे शिरोरेषा अखंड वाटते. पण डीएक्सएफमध्ये रंग भरलेला येत नाही, फक्त कडा येतात, आणि लेझर प्रत्येक कडेवरून जातो. सुरुवातीच्या दिवसांत ‘मातोश्री’ अशी पाटी ५ मिमी ॲक्रिलिकमध्ये कापून आणली, तर ‘मा’चा काना सुटून हातात आला. म आणि काना जिथे एकमेकांवर होते, तिथे दोघांच्याही कडा कापल्या गेल्या होत्या. फाइल माझी, चूक माझी. दुसरी शीट घालून पाटी करून दिली.

त्यानंतर क्रम ठरून गेला. मजकूर निवडून ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप (तुकडे सुटे करणं), मग सगळं निवडून युनियन (तुकडे जोडून एकच आकार करणं). युनियन झाल्यावर व्ह्यू आउटलाइनवर टाकून, म्हणजे रंग न दिसता फक्त कडा दिसतील असं करून, शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जायची. आत एकही आडवी-उभी रेघ उरता कामा नये. उरलीच, तर बहुतेक वेळा कुठलं तरी अक्षर अजून ग्रुपमध्ये अडकलेलं असतं.

पुढचा प्रश्न वक्ररेषांचा. इंकस्केपची आर१४ (डीएक्सएफचा एक प्रकार) फाइल वक्र भाग स्प्लाइनमध्ये, म्हणजे गुळगुळीत वक्ररेषांमध्ये, देते आणि सरळ भाग रेषांमध्ये. त्यामुळे एकाच अक्षराची कड तुकड्यातुकड्यांनी येते आणि कॅडमध्ये ती जोडत बसावं लागतं. मी एक्स्पोर्टच्या आधी फ्लॅटन बेझिअर चालवतो, म्हणजे वक्रांचे छोटे सरळ तुकडे करतो, आणि एक्स्पोर्टमध्ये एलडब्ल्यूपॉलीलाइनची (अनेक तुकड्यांची एकच सलग रेषा) खूण करतो. मग अख्खं अक्षर एक पॉलीलाइन म्हणून येतं. फ्लॅटनेसचा मुळातला आकडा १० आहे, त्यात ‘ळ’चे गोल चक्क कोनाकोनांचे होतात. मी ०.१ च्या आसपास ठेवतो. फार खाली गेलं तर बिंदू इतके वाढतात की वळणावर मशीन अडखळत चालतं आणि कडेवर दातरे दिसतात.

लेअर, म्हणजे ड्रॉइंगचे वेगवेगळे थर, नावासकट येतात, ही मोठी सोय. कापायचं एका लेअरवर, कोरायचं दुसऱ्यावर.

एक गोष्ट मात्र मी रूपांतरावर कधीच सोडत नाही: भोकं. एकदा पाथ झालेला गोल कॅडमध्ये वर्तुळ म्हणून येत नाही, त्यामुळे त्याला केंद्र मिळत नाही आणि व्यासाचं मापही नीट देता येत नाही. आलेला गोल पुसून त्याच जागी ६ मिमीचं वर्तुळ नव्याने काढायला अर्धा मिनिट लागतो. यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग कुणी एसव्हीजीत पाठवलं तर मी ते बदलून घेत नाही, मापं मागवतो आणि कॅडमध्ये पहिल्यापासून काढतो. अक्षरं, लोगो, जाळीची नक्षी यांच्यासाठी हे रूपांतर उत्तम आहे. सफाईने बसायला हवं अशा कुठल्याही भागासाठी मी ते वापरणार नाही.

गेल्या आठवड्यात ‘विठ्ठल कृपा’ केली, १.५ मिमी स्टीलच्या पत्र्यात आरपार, मागून दिवा. आरपार कामात व, ठ, क, प यांची पोटं कापली की गळून पडतात, म्हणून त्यांना पूल, म्हणजे न कापलेल्या बारीक पट्ट्या, ठेवावे लागतात. इंकस्केपमध्येच २ मिमी रुंदीचे आयत ‘ठ्ठ’च्या दोन्ही पोटांवर, ‘वि’वर, ‘कृ’वर आणि ‘पा’वर ठेवले, अक्षरांतून वजा केले आणि मग एक्स्पोर्ट केलं. कॅडमध्ये फक्त चार भोकं काढायची राहिली होती. पत्रा कापून आला तेव्हा सगळी पोटं जागच्या जागी होती.