शाब्दिक उदाहरणांना घाबरणाऱ्या मुलांसाठी मुलुंडमधला एक छोटा क्लास

मुलगी दहावीत आहे, सेमीला. समीकरण समोर दिलं की पटापट सोडवते पण तेच शाब्दिक उदाहरणात आलं की वहीचं पान कोरं. आधीच्या क्लासमध्ये एका बॅचला साठ मुलं, सर फळ्यावर गणित उतरवून पुढे जायचे, ही तीच गणितं पाठ करायची आणि परीक्षेत आकडे बदलले की अडायची. दिवाळीनंतर मुलुंड पूर्वेला नवघर रोडजवळ एक बाई घरीच शिकवतात तिथे घातलं, सात मुलं फक्त.

बाई लगेच सोडवायला देतच नाहीत. आधी उदाहरण मोठ्याने वाचायचं, मग एक्स म्हणजे नक्की कोण ते वहीत पूर्ण वाक्यात लिहायचं, समीकरण त्यानंतर. परवा एक होतं, दोन क्रमागत पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज 85. लहान संख्या एक्स, पुढची एक्स अधिक 1, सोडवलं की एक्सच्या किमती 6 आणि उणे 7. हिने सवयीने उणे 7 खोडलं, कारण वय, लांबी असल्या गणितांत ऋण उत्तर सोडूनच द्यायचं असतं. बाई एवढंच म्हणाल्या, शब्द कुठला आहे ते परत वाच. पूर्णांक! नैसर्गिक नाही, म्हणजे 6, 7 ही जोडी बरोबर आणि उणे 7, उणे 6 ही पण, 49 अधिक 36 केलं की 85च येतात. पूर्ण संख्या शून्यापासून सुरू होतात आणि पूर्णांकांत ऋण संख्या पण असतात हे हिला तेव्हा कुठे नीट कळलं, इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होती.

अजून एक मला फारच आवडलं, तीन क्रमागत विषम संख्यांची बेरीज 57 असेल तर मधली एक्स धरायची, उणे 2 आणि अधिक 2 कटाप, 3 एक्स बरोबर 57, मधली 19. पण विचारली असते सर्वांत मोठी, तिथे 19 लिहून मोकळं व्हायचं नाही, 21 लिहायचं. पडताळा केल्याशिवाय बाई बरोबरची खूण करत नाहीत.

खोली लहान आहे, आणि पोर्शन हळू जातो, अंकगणिती श्रेढी अजून सुरू नाही, त्याची थोडी काळजी वाटते. पण काल रात्री जेवण झाल्यावर ही स्वतःहून दोन अंकी संख्येचं गणित घेऊन बसली, दशकाला 10 ने गुणायचं विसरली होती ते तिचं तिनेच पकडलं.

शनिवारची बॅच भरलीये, मंगळवार-गुरुवारसाठी विचारून बघा.