बॉल पायथनच्या पेटीसाठी इंकबर्ड आयटीसी-३०८: यंत्र चोख, पण प्रोब कुठे बसवता?

दुकानात सापाच्या पेटीखाली लावायची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, मागितली की मॅट मिळते. तिच्याबरोबर थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानानुसार वीज चालू-बंद करणारं यंत्र) घ्यावाच लागतो, हे मात्र फार कमी दुकानदार सांगतात. काचेखाली मॅट थेट बोर्डाला जोडून ठेवली, तर वर किती जाड थर आहे आणि खोली किती गरम आहे यानुसार काच ४० अंशांच्या वर सहज जाते. बॉल पायथनला, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या लहान आफ्रिकन अजगराला, गरम बाजूला पृष्ठभागावर ३१ ते ३३ अंश सेल्सिअस पुरतात, थंड बाजूला २५ ते २७. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की खालून पोट भाजत असतानाही साप त्या जागेवरून पटकन हलत नाही. मालकाच्या लक्षात येतं तेव्हा पोटाचे खवले तांबूस झालेले असतात, कधी फोडही आलेले असतात. म्हणून पैसे आधी थर्मोस्टॅटवर खर्च करावेत, मॅटच्या ब्रँडचा विचार नंतर.

इंकबर्ड आयटीसी-३०८ हे थर्मोस्टॅटचं यंत्र मुळात सापांसाठी बनवलेलं नाही. बिअर आंबवणारे, रोपं वाढवणारे, मत्स्यपालन करणारे सगळेच ते वापरतात. पण थर्मोस्टॅटकडून मॅटला जे हवं ते यात नीट आहे. पडद्यावर दोन आकडे दिसतात, वर प्रत्यक्षातलं तापमान आणि खाली तुम्ही ठरवलेलं. दोन सॉकेट आहेत, एक तापवण्यासाठी आणि एक थंड करण्यासाठी. २२० व्होल्टला २२०० वॉटपर्यंतचा भार ते पेलतं, त्यामुळे २०-३० वॉटची मॅट त्याला काहीच नाही.

सेटिंग करताना 'सेट' बटण तीन सेकंद दाबून धरा. 'टीएस' म्हणजे हवं असलेलं तापमान. 'एचडी' म्हणजे तापमान किती उतरल्यावर पुन्हा तापवायला सुरुवात करायची. कारखान्यातून एचडी २ अंशांवर येतो. मॅटसाठी तो १ करा. टीएस ३२ आणि एचडी १ असेल, तर ३१ ला मॅट चालू होते आणि ३२ ला बंद. ०.३ पर्यंतही खाली आणता येतो, पण मग आतला रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) दिवसभर टकटक करत राहतो आणि लवकर झिजतो. 'एएच' हा वरच्या मर्यादेचा भोंगा. तो सुरुवातीला ९० अंशांवर असतो, म्हणजे सापासाठी नसल्यासारखाच. तो ३६ वर आणा. 'सीए' मध्ये प्रोबची, म्हणजे वायरच्या टोकाला असलेल्या तापमान मोजणाऱ्या भागाची, चूक दुरुस्त करता येते: प्रोब आणि एक भरवशाचा थर्मामीटर एकाच भांड्यातल्या कोमट पाण्यात धरा, जो फरक दिसेल तो सीएमध्ये भरा. पुन्हा तीन सेकंद दाबलं की सगळं साठवलं जातं. लाइट जाऊन परत आली तरी हे आकडे पुसले जात नाहीत. लोडशेडिंगच्या गावात हे फार मोलाचं आहे.

आता खरा मुद्दा, प्रोब. हे यंत्र पेटीचं तापमान मोजत नाही. ते मोजतं फक्त प्रोबच्या टोकाचं. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर पडद्यावर 'ईआर' येतं, भोंगा वाजतो आणि मॅटची वीज थांबते. पण प्रोब नुसता जागेवरून हलला, तर यंत्राला ते कळायला काही मार्ग नाही. बॉल पायथन रात्री पेटीत अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उकरतो, वायरखाली डोकं घालतो आणि प्रोब मॅटवरून उचलला जाऊन हवेत येतो. हवा २७ अंश. पडद्यावर २७ दिसतं, यंत्र मॅट चालूच ठेवतं, खाली काच ४५ च्या दिशेने चाललेली असते. पाण्याचं भांडं सांडून प्रोब भिजला तरी तेच होतं, कारण ओला प्रोब खऱ्यापेक्षा थंड दाखवतो. भोंगाही वाजत नाही, कारण प्रोबच्या लेखी काहीच तापलेलं नाही.

म्हणून काचेच्या पेटीला मॅट खालून लावायची असेल तर नियंत्रणाचा प्रोब आत ठेवूच नका. तो पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्यामध्ये, मॅटच्या मधोमध बसवा आणि टेप फक्त बाहेरून लावा. पेटीच्या आत कुठेही चिकटपट्टी नको. तिला चिकटलेला साप सोडवताना खवले निघतात. मग आतल्या काचेवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून बघा. बाहेर ३४-३५ वर ठेवल्यावर आत ३२ मिळतात, असं बऱ्याचदा घडतं, पण हा फरक काचेच्या जाडीवर आणि खोलीवर ठरतो. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका. आपल्या पेटीत मोजा, टीएस एकेका अंशाने बदला आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन तास थांबा. हे सगळं साप आणण्याआधी करायचं. रिकामी पेटी दोन दिवस आणि दोन रात्री चालवून बघितल्याशिवाय साप आत सोडू नये.

मॅटचं म्हणाल तर तिने तळाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग व्यापू नये, नाहीतर सापाला पळून जायला थंड कोपराच उरत नाही. पेटीच्या चारही कोपऱ्यांना रबरी पाय लावून खाली हवेला वाट ठेवा. मॅट टेबल आणि काच यांच्यात दाबली गेली की उष्णता कोंडते आणि काच तडकते. मॅटवरचा कोकोपीटचा थर एक-दोन सेंटीमीटरच असावा. जाड थर टाकला तर वर गारवा राहतो आणि खाली उष्णता साचते, आणि साप नेमका तिथेच उकरत जातो. लाकडी किंवा प्लायच्या पेटीखाली मॅट लावायची नाही. लाकडातून ऊब आत जात नाही, लाकूडच तापत राहतं.

रिलेबद्दल एक गोष्ट कुठल्याही चालू-बंद थर्मोस्टॅटला लागू आहे, महागातल्यालाही. रिलेचे आतले बिंदू कधीतरी चिकटतात आणि मग वीज तोडली जात नाही. अशा वेळी भोंगा वाजेल, पण घरात ऐकायला कोणी असेल तरच. उपाय म्हणजे दोन थर्मोस्टॅट एकापाठोपाठ. पहिला बोर्डात, दुसरा पहिल्याच्या तापवण्याच्या सॉकेटात आणि मॅट दुसऱ्यात. एकाचा टीएस रोजचा, दुसऱ्याचा तीन अंश जास्त. दोघांचे प्रोब मॅटवर वेगवेगळ्या जागी. कोणता तरी एक अडकला तरी दुसरा वीज तोडतो. एकच महागडा घेण्यापेक्षा असे दोन घेणं माझ्या मते जास्त शहाणपणाचं.

प्लग ही भारतातली खास अडचण. हे यंत्र बऱ्याचदा युरोपीय दोन गोल पिनांच्या प्लगसह मिळतं. तो आपल्या सॉकेटात शिरतो, पण सैल बसतो, आणि त्याच्या कडेची अर्थिंगची पट्टी आपल्या सॉकेटात कशालाच टेकत नाही. स्वस्त ॲडॅप्टर लावला की आणखी एक सैल जोड वाढतो, आणि चोवीस तास चालणाऱ्या उपकरणाला सैल जोड म्हणजे तापलेलं प्लास्टिक. इलेक्ट्रिशियनकडून आयएसआय मार्कचा तीन पिनांचा ६ अँपिअरचा प्लग बसवून घ्या. वॉरंटी जाईल, पण अर्थिंग मिळेल. त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) असावा. शेजारी पाण्याचं भांडं आहे हे विसरू नका. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटात न जाता जमिनीवर पडेल.

हे यंत्र कशासाठी घेऊ नये तेही सांगायला हवं. हॅलोजन दिवा याच्यावर चालवू नका. दिवा दर काही मिनिटांनी लागतो-विझतो, त्याची तार लवकर जाते आणि साप बिथरतो. अर्केडियाच्या डीप हीट प्रोजेक्टरलाही (उजेड न देता फक्त ऊब देणारा बल्ब) डिमिंग थर्मोस्टॅटच हवा, जो वीज तोडत नाही तर कमी-जास्त करतो. सिरॅमिक हीटर यावर चालतो, पण तो स्वतः २०० अंशांच्या वर तापतो, त्यामुळे पोर्सिलीनचा होल्डर आणि भोवती जाळी हवीच. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. पेटीत उघडा पिवळा बल्ब लावण्याची पद्धत, कोंबडीच्या पिल्लांच्या ब्रूडरवरून आलेली, आजही दिसते. साप बल्बला वेटोळं घालतो आणि भाजतो. कंबर शेकायचे पॅड आणि आत ठेवायचे गरम 'दगड' हे दोन्ही कधीच वापरू नका.

हवामानानुसार या यंत्राची उपयुक्तता बदलते. मुंबई-कोकणात मॅट आणि हे यंत्र बहुतेक वर्षभर पुरतं. नाशिक, निफाड किंवा पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री फक्त मॅट पुरत नाही, कारण मॅट तळ तापवते, हवा नाही. तिथे हवेसाठी वर जाळीत सिरॅमिक हीटर आणि त्याला वेगळा थर्मोस्टॅट हवा. पचनाच्या दिवसांत पेटी गार राहिली तर साप खाल्लेला उंदीर ओकून टाकतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला किंवा नाकातोंडातून बुडबुडे येऊ लागले, तर तापमान सुधारण्याबरोबरच त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. खोलीच ४० वर गेली की मॅट आपोआप बंद राहते, पण थंड कोपराच शिल्लक नसतो. तेव्हा थंडीच्या सॉकेटाला पेटीबाहेर छोटा पंखा जोडता येतो. मात्र पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. खोली थंड करण्याची सोय वेगळीच करावी लागते.

हे सगळं परदेशी, कायदेशीर सापांबद्दल आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ हे आपले साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते घरी ठेवता येत नाहीत. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेकसाठी हेच यंत्र चालतं, फक्त गरम बाजू २९ ते ३१ आणि थंड बाजू २२ ते २५ ठेवा.

बसवून झाल्यावर दर आठवड्याला एकदा इन्फ्रारेड थर्मामीटरने काच मोजा, मॅटच्या कडेला आणि मधोमध, दोन्हीकडे. पडद्यावरचा आकडा आणि हातातला आकडा यांच्यातला नेहमीचा फरक एका अंशापेक्षा जास्त बदलला, तर टीएस बदलायच्या आधी प्रोब जागेवर आहे का ते बघा.